दोरीचं उत्तर

दोरीवाला त्या सकाळी स्टोअरमध्ये गेला तो फक्त नवी दोरी मागायला. काम साधं होतं. चिठ्ठी द्यायची, सही करायची आणि गुंडाळी खांद्यावर टाकून विहिरीकडे यायचं. स्टोअरची किल्ली व्हॉल्ववाल्याकडे असायची, कारण पाणीपुरवठ्याच्या त्या जुन्या इमारतीत जी कामं कुणाचीच नसत ती व्हॉल्ववाल्याची असत.

"जुनीला काय झालं, मामा?" त्याने विचारलं. "अजून दहा वर्षं हत्ती बांधाल तिला."

"नवी दे."

"दोरीला काय कळतंय, जुनी काय नि नवी काय."

"दे म्हटलं ना."

बोलून गेल्यावर व्हॉल्ववाल्याला आठवलं. आठ महिन्यांपूर्वी त्या जुन्या दोरीच्या टोकालाच मासा मेला होता.

मासा म्हणजे तिथला पाणबुड्या. खरं नाव हजेरीच्या वहीत होतं, बाकी सगळीकडे तो मासाच. शहराला पाणी जायचं ते एका खोल विहिरीतून, आणि ती विहीर इमारतीच्या पोटातच होती. वर पत्र्याचं छप्पर, भोवती ओली फरशी, मधोमध चाळीस फूट काळं पाणी. गंजाचा आणि कुजक्या शेवाळाचा वास कपड्यांना असा चिकटायचा की घरी गेल्यावर बायका नाक मुरडायच्या. तळाशी, पाणी आत येण्याच्या तोंडावर, लोखंडी जाळी होती. तिच्यात पोती, फांद्या, मेलेली जनावरं, वाटेल ते अडकायचं. मग पंप बंद करून पाणबुड्या खाली उतरायचा आणि हाताने चाचपडत जाळी मोकळी करायचा. खाली डोळे असून नसल्यासारखे. पाठीवर हवेची टाकी, कमरेला दोरी, आणि त्या दोरीचं दुसरं टोक काठावर बसलेल्या दोरीवाल्याच्या मुठीत.

वरच्याचं आणि खालच्याचं बोलणं व्हायचं ते या दोरीतून. एक झटका म्हणजे ठीक आहे, थांब. दोन म्हणजे दोरी सैल सोड. तीन म्हणजे वर घे. आणि एक नियम होता, तो कुठे लिहिलेला नव्हता, पण सगळे पाळत. आलेल्या झटक्याला उत्तर द्यायचंच. उत्तर मिळेपर्यंत खालचा माणूस तेच पुन्हा पुन्हा विचारत राहतो. काठावर दहा माणसं उभी असली तरी त्यांना काही दिसत नाही. चाळीस फूट पाण्यातून येता येता झटका एवढा बारीक होतो की तो कळतो फक्त ज्याच्या तळव्यात दोरी आहे त्याला. म्हणून दोरीवाल्याचा शब्द शेवटचा.

आणि आठ महिन्यांपूर्वी दोरीवाल्याने शब्द दिला होता. "दोरी हललीच नाही."

ते खोटं होतं.

तरुणपणी तो स्वतः पाणबुड्या होता. एकदा खाली कान फुटला आणि त्याला काठावर आणून बसवलं. त्याच्या जागी आलेला मासा तिशीतला, चपळ, तोंडाने फटकळ. दोरीवाल्याचं मान तिरकी करून ऐकणं त्याने असं हुबेहूब उचललं होतं की चहाच्या वेळी सगळे त्याला करून दाखवायला लावत. दोरीवालाही हसायचा. हसायचा आणि गिळायचा. त्या दिवशी पाण्यात उतरता उतरता मासा म्हणाला होता, "मामा, डुलकी काढू नका हं. नाहीतर मी खालीच बिऱ्हाड करीन आणि तुम्ही वर दोरी धरून म्हातारे व्हाल. म्हणजे, अजून म्हातारे." सगळे खो खो हसले.

थोड्या वेळाने तीन झटके आले. स्पष्ट. दोरीवाल्याच्या हातात चहाचा पेला होता. त्याच्या मनात आलं, राहू दे. जरा कळू दे याला, दोरीवाला म्हणजे काय असतो ते. त्याने एक झटका दिला. थांब. खाली माशाने तो ऐकला आणि भरवशाने थांबला. पुन्हा तीन आले. पुन्हा त्याने एक दिला. मग आणखी तीन, घाईचे. त्याने चहा संपवला, पेला फरशीवर ठेवला, पँटीला हात पुसले आणि दोरी ओढली. जाळीत अडकलेला पाय पहिल्याच ओढीत सुटला. मासा वर आला तेव्हा त्याची टाकी रिकामी होती आणि डोळे उघडे.

चौकशी झाली. दोरीवाल्याला कुणी उलटा प्रश्नही विचारला नाही. बावीस वर्षं याच विहिरीवर राबलेले हात होते ते.

माशाची बायको त्याला भेटायला घरी आली होती. रडून झालं होतं तिचं. तिने एकच विचारलं, "काका, त्यांनी एकदाही ओढली नाही का दोरी?"

"नाही गं पोरी."

"मग बरं," ती म्हणाली. "म्हणजे घाबरले नसतील. कळलंच नसेल त्यांना." आणि ती समाधानाने घरी गेली. पुढे तिला त्याच इमारतीत नोकरी मिळाली. पाणबुड्यांचे रबरी पोशाख धुवायचे, फाटले तर चिकटवायचे. विहिरीला लागूनच तिची खोली. दोरीवाला रोज सकाळी तिच्या दारावरून जायचा, आणि ती रोज विचारायची, "काका, चहा घेणार?"

मध्यंतरी बाहेरचे पाणबुडे येऊन काम करून गेले, त्यांचा दोरीवालाही त्यांचाच होता. दोरीवाल्याला वाटलं, निभावलं. मग एक दिवस त्याचा मुलगा जेवताना म्हणाला, "बाबा, माझं नाव लागलं. माशाच्या जागी."

पोरगा लहानपणापासून माशाच्या मागे मागे असायचा. पोहायला शिकवलं ते माशानेच. दोरीवाला म्हणाला, जाऊ नकोस. पोराने कारण विचारलं. कारण सांगता आलं नाही.

"आणि दोरीवर तुम्ही असल्यावर मला कसली भीती?" पोरगा म्हणाला.

आईने त्याच्या ताटात वाढलं आणि नवऱ्याकडे पाहून म्हणाली, "नेताय तसा आणा. दुसरं काही मागत नाही मी."

म्हणून ती नवी दोरी. पांढरी, कोरी, अजून गोदामाचा वास असलेली. दोरीवाल्याने स्वतःच्या हाताने ती पोराच्या कमरेला बांधली, गाठ दोनदा ओढून पाहिली. पोरगा पाण्यात शिरला, बुडबुडे आले, विरले. पंप बंद होते. त्या इमारतीत पंप बंद पडले की शांतता अशी यायची की कानात बोट घातल्यासारखं वाटायचं. फक्त छपरावरून ठिबकणारं पाणी. टप. टप.

पाच मिनिटं झाली असतील. दोरीवाल्याच्या तळव्यात तीन झटके आले.

तो उठून उभाच राहिला आणि हात सोलून निघेपर्यंत ओढत सुटला. पोरगा वर आला, तोंडातली नळी काढून म्हणाला, "काय झालं?"

"तू ओढलीस."

"मी कुठे ओढली? आत्ता तर खाली टेकलो होतो."

व्हॉल्ववाला हसला. "मामा, पोराची काळजी दोरीपेक्षा लांब आहे तुमची."

दुसऱ्या खेपेला तेच झालं. तीन झटके, ओढाओढ, आणि वर आलेला चिडका पोरगा. पण या वेळी तो आणखी एक बोलला. काच कपाळावर सरकवत, सहज. "आणि बाबा, तुम्ही सारखा एक-एक झटका काय देताय? थांब, थांब, थांब. थांबलोच होतो ना मी."

दोरीवाल्याने वरून एकही झटका दिला नव्हता.

त्याने पाण्याकडे पाहिलं. त्याच्या मुठीपासून पोराच्या कमरेपर्यंत चाळीस फूट दोरी. तिच्या मध्ये कुठेतरी, त्या काळोखात, कुणीतरी ती दोन्ही बाजूंनी धरली होती. वरच्याला खालचं सांगत होतं, खालच्याला वरचं. आपल्या मनाला येईल ते.

लोकांना वाटतं शिक्षा बाहेरून येते. पोलीस येतात, पंच बसतात, कुणीतरी बोट दाखवतं. दोरीवाल्याकडे कुणी बोट दाखवलं नव्हतं. पण त्याने जगायला एकच वस्तू कमावली होती, हातांचा भरवसा, आणि त्या दिवशी चहा पिता पिता त्याने ती स्वतःच मोडली होती. मोडकी वस्तू घेऊन तो आता पोराच्या जिवावर पहारा देत होता.

रविवारी बायकोने अंगणात कपडे वाळत घालताना हाक मारली. "जरा धरा हो दोरीचं हे टोक, खिळा निघालाय." त्याने धरलं. लख्ख ऊन होतं. चादरी पांढऱ्या, वारा नाही. तीन झटके. त्याने टोक टाकून दिलं, अख्खी दोरी ओल्या कपड्यांसकट चिखलात.

"हात मोडले का तुमचे?" बायको म्हणाली. "सकाळपासूनची धुणी माझी..."

संध्याकाळी बुटाची नाडी बांधताना आले. बादलीच्या कडीतून आले. शेजारणीची नात त्याचं बोट धरून पायरी उतरत होती, तिच्या मुठीतून आले. तीन. मग थांबून तीन. उत्तर मिळेपर्यंत.

सोमवारी तो इंजिनिअरबाईंच्या खोलीत गेला. बाई तरुण होत्या, कामाच्या चोख, माणसाशी नीट बोलणाऱ्या.

"मॅडम, मला दोरीवरून काढा."

"का हो मामा?"

"हातात... जोर राहिला नाही."

"डॉक्टरांना दाखवू. कागद आला की काढते. पण दुसरा माणूस यायला महिना जाईल, आणि जाळी गुरुवारी मोकळी झालीच पाहिजे. अर्ध्या शहराला पाणी नाही." त्यांनी पेन खाली ठेवलं. "खरं काय आहे? पोराला दोनदा उगाच वर घेतलंत म्हणे. तुम्हाला भास होतायत का? न आलेले झटके येतायत?"

त्याने मान खाली घातली.

"कधीपासून?" बाईंचा आवाज बारीक झाला. "मामा, माशाच्या वेळी तुम्ही ठाम सांगितलंत, दोरी हललीच नाही. तुमच्या एका शब्दावर मी अहवालात त्याची चूक लिहिली. त्याने खूण केली नाही म्हणून मेला, असं. तेव्हा हात ठीक होते ना?"

दार उघडं होतं. बाहेर माशाची बायको ओला पोशाख झटकत होती, त्याचं पाणी भिंतीवर उडालेलं त्याला दिसत होतं. आत्ता बोललो तर पोरगा गुरुवारी खाली जाणार नाही, हे त्याला ठाऊक होतं. एवढं सोपं होतं. पण पोरगा मग त्याच्याकडे कसा पाहील, तेही त्याला दिसत होतं.

"ठीक होते," तो म्हणाला. "तेव्हाही ठीक होते, आताही आहेत. पोराच्या काळजीनं होतंय."

बाईंनी सुस्कारा सोडला. "मग असं करा. तीन आले की लगेच ओढू नका. आधी एक द्या. खरंच त्याचे असतील तर तो पुन्हा तीन देईल. मग ओढा. बरोबर?"

बरोबरच होतं. त्यात खोट काढायला जागाच नव्हती.

गुरुवारी सकाळी दहाला पोरगा उतरला. काठावर बाई, घड्याळ पाहणारा व्हॉल्ववाला, आणि आपल्या खोलीच्या उंबऱ्यात माशाची बायको, हातात सुकलेला पोशाख. टाकीत पंचवीस मिनिटांची हवा होती.

"बारा मिनिटं," व्हॉल्ववाला म्हणाला.

तेव्हाच तीन आले.

दोरीवाल्याने ओठ चावला आणि सांगितल्याप्रमाणे एक दिला. छपरावरून टप. टप. पुन्हा तीन.

"आले," तो म्हणाला. "आले, ओढतो." त्याने ओढायला घेतलं, आणि हातभर दोरी वर आली नाही तोच खालून एक आला. स्वच्छ, शांत. ठीक आहे, थांब.

तो थांबला.

"काय झालं?" बाई म्हणाल्या.

"एक म्हणतोय..."

तीन. त्याने ओढलं. एक. तो थांबला. तीन. एक. तीन. दोन्ही एकाच हाताचे वाटत होते, आणि त्या हाताला मजा वाटत होती. हे त्याने ओळखलं. काठावर बसून चहा पिताना आपल्या हाताला जशी वाटली होती, अगदी तशीच.

"मामा, ठरवा काय ते," व्हॉल्ववाला म्हणाला. त्याच्याही आवाजातली थट्टा गेली होती.

दोरीवाला गुडघ्यांवर बसला. पाण्याकडे तोंड करून, हळू आवाजात, कुणाला तरी समजवावं तसा बोलू लागला. "आले होते रे. त्या दिवशी तुझे झटके आले होते. तीन. मला कळले होते. मीच एक दिला... मीच थांब म्हटलं तुला. दोन मिनिटं. जास्त नाही. दोनच मिनिटं थांबवलं तुला, चूक झाली. त्याला सोड. त्याचा काय संबंध..."

मागे उंबऱ्यात पोशाख खाली पडल्याचा आवाज आला. रबराचा, जड.

दोरी शांत झाली.

इतकी शांत की त्याला वाटलं, सुटलो. ऐकलं त्याने. त्याने ओढायला सुरुवात केली, व्हॉल्ववाल्यानेही हात लावला, आणि दोरी सुरसुर वर आली, कसलाही अडथळा नाही. पोरगा वर आला. काचेमागे त्याचे डोळे उघडे होते.

त्याला फरशीवर आडवा केला. बाईंनी छाती दाबली, तोंडाने हवा दिली, पुन्हा छाती दाबली. कितीतरी वेळ. मग त्या मागे सरल्या.

"टाकी रिकामी आहे," व्हॉल्ववाला म्हणाला. काटा शून्यावर होता. त्याने घड्याळ कानाला लावून पाहिलं. "कशी रिकामी? उतरल्यापासून वर येईपर्यंत सोळा मिनिटं. पहिले तीन आल्यापासून तर चारच..."

पाणबुड्याच्या मनगटाला एक छोटी पांढरी पाटी असते, जाळीची मापं लिहायला. बाईंनी ती उलटी केली. वर पोराच्या अक्षरात दोन मापं होती. खाली उभ्या रेघा, एकाखाली एक अडखळत गेलेल्या. अडकून थांबावं लागलं की पाणबुडे मनगटावरच्या अंधारात चमकणाऱ्या घड्याळाकडे बघून मिनिटाला एक रेघ मारतात, म्हणजे हवेचा अंदाज राहतो. शेवटची रेघ अर्धीच होती.

"अकरा," बाई म्हणाल्या.

माशाची बायको जवळ आली. तिने वाकून पाटी पाहिली. मग दोरीवाल्याकडे पाहिलं.

"त्यांच्या पाटीवरही अशाच आहेत," ती म्हणाली. "घरी ठेवलीय मी. अकरा. मला वाटायचं, जाळीचे गज मोजले असतील."

व्हॉल्ववाल्याने पोराच्या कमरेची गाठ सोडली, कारण तशी बांधलेली बघवेना, आणि दोरीचं मोकळं टोक बाजूला सारलं. ते काठावरून घसरलं आणि पाण्यात गेलं. दुसरं टोक अजून दोरीवाल्याच्या मुठीत होतं. बाई म्हणाल्या, "मामा, सोडा आता ती." त्याची बोटं उघडेनात.

तेव्हा दोरी ताठ झाली.

या वेळी हातात धरायची गरज नव्हती. चौघांनीही पाहिलं. पांढरी दोरी पाण्यातून तडकन वर उठली, तिच्यावरचे थेंब फरशीवर उडाले, आणि दोरीवाल्याचा हात खांद्यापासून हिसकला गेला. एक. दोन. तीन. बाई मागे झाल्या. व्हॉल्ववाला भिंतीला टेकला.

"काका," माशाची बायको हळूच म्हणाली, "तो विचारतोय. उत्तर द्या."

तो तसाच गुडघ्यांवर होता. शेजारी पोराचा पाय, ओला, बोटं वर केलेला. पुन्हा तीन आले, आणि ते संपायच्या आत त्यांच्या मधूनच आणखी तीन, जरा हलके, घाईचे, नवख्या हाताचे.

खाली ओढणारे आता दोघं होते.